पत्रे उडण्याआधी फाइल तयार ठेवा
वाचकांचे प्रश्न : चक्रीवादळ आणि व्यवसायाचा विमा

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासून गुजरातकडे गेले. अरबी समुद्रात वादळांचे दोन हंगाम असतात, एक पावसाच्या तोंडावर आणि दुसरा पाऊस सरल्यावर. किनाऱ्यावरच्या दुकानदारांची, कारखानदारांची विम्याबद्दलची पत्रेही त्याच सुमारास येतात. त्यांतली सहा या अंकासाठी घेतली आहेत.

प्रश्न : श्रीवर्धनजवळ माझे हार्डवेअर आणि रंगाचे दुकान आहे, मागे पत्र्याची वखार. विमा दरवर्षी भरतो. निसर्गच्या वेळी शेजारच्या दुकानदाराचा दावा निम्म्यावर आला. तसे होऊ नये म्हणून आधी काय करून ठेवावे?

सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजायला विमा कंपनीने नेमलेला माणूस, वखारीत शिरतो तेव्हा समोर चिखल, फुटलेले डबे आणि वाकलेले पत्रे असतात. त्याला दोन आकडे काढायचे असतात. वादळाच्या आदल्या दिवशी इथे किती माल होता, आणि त्यातला किती वाया गेला. दुसरा आकडा डोळ्यांना दिसतो. पहिला फक्त कागदावर सापडतो आणि बहुतेक दावे तिथेच कापले जातात.

पहिला आकडा तो असा काढतो. समजा ३१ मार्चच्या ताळेबंदात शिल्लक माल १८ लाखांचा आहे. एप्रिल-मेमध्ये खरेदी ९ लाख आणि विक्री १२ लाख. मागच्या वर्षांवरून तुमचा ढोबळ नफा विक्रीच्या २० टक्के दिसतो, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ९ लाख ६० हजार. १८ अधिक ९ वजा ९.६, म्हणजे वादळादिवशी वखारीत १७ लाख ४० हजारांचा माल असायला हवा. तुम्ही २५ लाखांचा माल गेला म्हणालात, तर उरलेले ७ लाख ६० हजार कुठून आले हे तुम्हालाच सांगावे लागेल.

मग तो हा आकडा जीएसटीच्या विवरणपत्रांशी आणि बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटशी (शिल्लक मालाच्या यादीशी) ताडून पाहतो. गोची इथे होते. कॅश क्रेडिटची, म्हणजे मालाच्या तारणावरच्या खेळत्या कर्जाची, मर्यादा टिकावी म्हणून कित्येक जण बँकेला माल फुगवून दाखवतात आणि आयकरासाठी कमी दाखवतात. वादळानंतर हे दोन्ही कागद एकाच टेबलावर येतात आणि सर्व्हेअर त्यांतला लहान आकडा धरतो. तिन्ही ठिकाणी एकच आकडा ठेवणे हीच खरी तयारी. बाकी सगळे त्यापुढे किरकोळ.

किरकोळ असले तरी करायचेच, ते असे. एप्रिलअखेर एकदा प्रत्यक्ष मोजणी करा. यादीवर तारीख, सही आणि शिक्का घाला, जमल्यास सीएंची सही घ्या. मोबाइलवर दुकानाचा व्हिडिओ काढा : दारापासून सुरुवात, घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकेक भिंत, प्रत्येक फळीवर पाच सेकंद. खोक्यावरचा ब्रँड आणि डब्याचा लिटरचा आकडा वाचता आला पाहिजे. रंग मिसळायचे यंत्र, वजनकाटा, इन्व्हर्टर यांच्या पाटीवरचा सीरियल नंबर जवळून घ्या. छताचा आतून-बाहेरून फोटो आणि पत्र्यांचे हूक, स्क्रू बदलल्याचे बिल हमखास ठेवा. पत्रा गंजून आधीच सैल होता, असा मुद्दा निघाला तर हे बिल बोलते.

हे सगळे दुकानातल्या संगणकात ठेवून उपयोग नाही, तो तर भिजणारच. टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप रोज क्लाउडवर जाऊ द्या. पॉलिसीची सगळी पाने, मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद, मोजणीची यादी आणि व्हिडिओ पुण्या-मुंबईतल्या भरवशाच्या माणसाकडे पाठवून ठेवा. निसर्गनंतर किनाऱ्यावरची वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. तुमच्या नावाने विमा कंपनीला पहिला ईमेल करायला किनाऱ्याबाहेरचा माणूस लागतो. पॉलिसी क्रमांक, कंपनीचा दाव्यांचा ईमेल आणि दोन ओळींचा मजकूर त्याच्याकडे आधीच द्या.

हवामान खाते साधारण ४८ तास आधी इशारा देते आणि २४ तास आधी पक्की चेतावणी. या दोन दिवसांत सिमेंट, प्लायवूड जमिनीवरून उचलून फळ्यांवर घ्या आणि बिलबुके, चेकबुक घरी न्या. या धावपळीचे दोन फोटो काढले तर पुढे कामी येतात, कारण माल वाचवायची वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीतलीच अट आहे. नवी पॉलिसी घ्यायची आठवण मात्र त्या दिवशी येऊन भागत नाही. वादळ दारात असताना कंपन्या नवा प्रस्ताव सहसा घेत नाहीत.

प्रश्न : वेंगुर्ल्यात आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. चार वर्षांपूर्वी कर्ज घेताना बँकेने २५ लाखांचा विमा उतरवला, तोच चालू आहे. आता माल वाढला आहे. नुकसान २५ लाखांच्या आतच झाले तर पूर्ण रक्कम मिळेल ना?

नाही. आणि तुमच्या धंद्यात हा धोका दुप्पट आहे. कच्ची बी मार्च ते मे या काळात वर्षभरासाठी भरून ठेवायची असते. म्हणजे गोदाम सर्वांत भरलेले असते ते नेमके पावसाआधीच्या वादळांच्या हंगामात.

समजा वादळादिवशी गोदामात ४० लाखांचा माल होता, विमा २५ लाखांचा आणि भिजून गेला ८ लाखांचा. विमा कंपनी म्हणेल, ४० पैकी २५ चाच धोका आमच्याकडे होता, उरलेला तुम्ही स्वतःच्या अंगावर घेतला होता. ८ लाख गुणिले २५ भागिले ४०, म्हणजे ५ लाख. त्यातून पॉलिसीत लिहिलेली वजावट आणि भिजलेल्या मालाचे जे येतील ते पैसे वजा. याला अ‍ॅव्हरेज म्हणतात.

थोडी सवलत आहे. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या व्यवसायांसाठी प्रमाणित पॉलिसी आल्या : एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ५ ते ५० कोटींमध्ये असेल तर भारत लघु उद्यम सुरक्षा. या दोन्हींत विम्याच्या रकमेतली कमतरता १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ती सोडून दिली जाते. तुमच्या उदाहरणात विमा ३५ लाखांचा असता तर कमतरता साडेबारा टक्के झाली असती आणि अ‍ॅव्हरेज लागला नसता. १५ च्या पुढे गेलात की सवलत संपली.

तेव्हा रक्कम हंगामाच्या शिखरावरची धरा, वार्षिक सरासरीची नको. माल सतत कमी-जास्त होत असेल तर डिक्लरेशन पॉलिसी विचारा. तिच्यात कमाल रकमेवर विमा असतो, ठरलेल्या मुदतीने प्रत्यक्ष मालाचा आकडा कळवायचा आणि वर्षाअखेर हप्त्याचा हिशेब होतो. आकडा कळवायचा कंटाळा असेल तर मात्र तिच्या वाटेला जाऊ नका. कारखान्याची इमारत आणि यंत्रे आज नव्याने उभी करायला जितके लागतील तितक्या रकमेची लिहा. जमिनीची किंमत त्यात धरू नका, कर्जाची रक्कमही नको. बँकेला तिच्या कर्जापुरतीच काळजी असते.

शेजारच्या माणसाच्या अंगणात किंवा भाड्याच्या खोलीत थोडी पोती ठेवता का? पॉलिसीत पत्ता एकच असेल तर तिथली पोती विम्याबाहेर. दुसरा पत्ता एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत लेखी बदल, करून घाला, किंवा अनेक ठिकाणांसाठी फ्लोटर घ्या.

प्रश्न : रत्नागिरीत मासळीचे शीतगृह आहे. वादळात इमारतीला काही झाले नाही पण चार दिवस वीज नव्हती आणि माल खराब झाला, तर ते नुकसान आगीच्या पॉलिसीत (जिच्यात वादळही धरलेले असते) बसते का?

साध्या पॉलिसीत बसत नाही. तापमान बदलून शीतगृहातला माल खराब होणे हे तिच्या अपवादांत लिहिलेले असते. त्यासाठी दोन वेगळी कलमे जादा हप्ता देऊन घ्यावी लागतात आणि ती एकमेकांची जागा घेत नाहीत. एक आहे वादळाने तुमचे कॉम्प्रेसर, पॅनल वगैरे मोडल्यामुळे तापमान वाढले तर. दुसरे, वीज पुरवणाऱ्याच्या केंद्राचे वादळाने नुकसान होऊन पुरवठा तुटला तर. तुम्ही सांगता ती परिस्थिती दुसऱ्या कलमात येते. पण त्यातली मेख समजून घ्या : महावितरणने खबरदारी म्हणून पुरवठा बंद ठेवला असेल तर तिथे ‘नुकसान’ झालेले नाही, आणि दावा लटकतो. म्हणून वीज परत आल्या आल्या स्थानिक कार्यालयाकडून पत्र घ्या : कोणत्या उपकेंद्राचे किंवा वाहिनीचे काय मोडले, पुरवठा किती वाजता गेला, किती वाजता आला. कलमात ‘केंद्र’ आहे की ‘वाहिनी’ही धरली आहे, हे पॉलिसी घेतानाच एजंटकडून ईमेलवर लिहून घ्या.

तापमानाची नोंद हा दुसरा पुरावा. तापमान आपोआप नोंदणारा डिजिटल लॉगर असेल तर बॅटरीवर चालणारा हवा. नसेल तर दर दोन तासांनी वहीत लिहा आणि सही करा. जनरेटर किती तास चालला, डिझेल किती लिटर आणले, त्याची बिले ठेवा. वास येऊ लागलेली मासळी सर्व्हेअर येईपर्यंत धरून ठेवणे शक्य नसते, आणि ठेवूही नये. कंपनीला ईमेल करा की माल अमुक तासांत नष्ट करावा लागेल, सर्व्हेअर पाठवा नाहीतर परवानगी कळवा. मग प्रत्येक क्रेट काट्यावर ठेवून आकड्यासह फोटो, नगरपालिकेच्या आरोग्य विभागासमोर विल्हेवाट आणि त्यांचा दाखला. वजन न करता खड्ड्यात गेलेला माल सिद्ध करायला नंतर काहीच उरत नाही.

प्रश्न : दिवेआगरला आमच्या घराच्या चार खोल्या पर्यटकांना देतो. नारळ-पोफळीची बागही आहे. गृहविमा पुरेसा आहे का? हंगाम बुडाल्याची भरपाई मिळते का?

गृहविमा राहत्या घरासाठी असतो. खोल्या भाड्याने देता हे कंपनीला कळवले नसेल तर दाव्याच्या वेळी हाच पहिला प्रश्न निघतो. चार खोल्या, त्यांतले फर्निचर, एसी, सौर पाणीतापक हे व्यवसायाच्या पॉलिसीत घाला. छतावरचे सौर पॅनल, कुंपणाची भिंत, नावाचा फलक यांची रक्कम वेगवेगळी लिहून घ्या. लिहिले नाही ते वादळानंतर ‘इमारतीत येते का’ या वादात अडकते.

बागेतली झाडे या पॉलिसीत येत नाहीत. माड घरावर पडून कौले आणि वासे मोडले तर घराचे नुकसान मिळते. घरावरून माड उचलायचा खर्च राडारोडा हटवण्याच्या सदरात मागता येतो, पण सूक्ष्म उद्यमच्या पॉलिसीत हे सदर दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंतच आहे. अंगणात आडवे झालेले माड त्यात धरू नका.

बुडालेल्या हंगामासाठी नफा-हानीचा वेगळा विमा लागतो. त्यात भरपाईचा काळ आधी निवडायचा असतो, सहा महिने, बारा महिने असा. छप्पर दोन महिन्यांत बसते, पर्यटक परतायला दिवाळी उजाडते. तेव्हा तीन महिने घेऊन पैसे वाचवल्यासारखे वाटते, पण वाचत नाहीत. दाव्यासाठी मागच्या दोन-तीन वर्षांचे महिनावार उत्पन्न दाखवावे लागते. रोखीने घेतलेले आणि वहीत न आलेले भाडे इथे शून्य धरले जाते. आणखी एक. तुमच्या घराला काहीच झाले नाही, फक्त रस्ता बंद म्हणून पाहुणे आले नाहीत, तर वेगळे कलम घेतल्याशिवाय काही मिळत नाही. आधी मालमत्तेचे नुकसान मान्य होते, मग नफ्याचे.

प्रश्न : अलिबागजवळ ऑफसेट छपाईचा कारखाना आहे. वादळ ओसरल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत नेमके काय करायचे? सर्व्हेअर येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही असे ऐकले आहे.

अर्धवट ऐकले आहे. नुकसान वाढू न देणे हे तुमचे काम आहे, पुरावा न पुसणे हेही तुमचेच.

आत शिरण्याआधी मुख्य स्विच बंद आहे ना, बघा. मग काहीही न हलवता फोटो आणि व्हिडिओ : उडालेल्या छताची जागा, तिच्या खालीच भिजलेली कागदाची रिमे, भिंतीवरचा पाण्याचा डाग. डागाला टेप लावून जमिनीपासूनची उंची फोटोत घ्या. मशीनचा मोटर किती उंचीवर आहे तेही टेपसह. मोटर पाण्यात बुडाला होता हे या दोन फोटोंतून सिद्ध होते. न बुडता वीज परत येताना दाब वाढून जळला असेल, तर तो शॉर्टसर्किटच्या अपवादात जातो आणि त्यासाठी यंत्रबिघाडाची वेगळी पॉलिसी लागते. म्हणूनच भिजलेले मशीन ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करू नका. इन्सुलेशन तपासून घ्या, तंत्रज्ञाकडून लेखी अहवाल घ्या. सुरू करून जाळलेत तर ते नुकसान तुमचे.

त्याच दिवशी दाव्याची सूचना ईमेलने द्या आणि सूचनेचा क्रमांक टिपून ठेवा. मोठ्या व्यवसायांच्या जुन्या पद्धतीच्या अग्निविमा पॉलिसीत नुकसानाचा लेखी तपशील १५ दिवसांत द्यायचा असतो. अंदाजे आकडा चालतो, पण त्यावर ‘प्राथमिक अंदाज’ असे लिहा. पहिल्या फॉर्मवर घाईने ६ लाख लिहून नंतर ११ लाख मागणाऱ्याकडे संशयाने पाहिले जाते.

मग ताडपत्री घाला, पाणी काढा, कोरडी रिमे वेगळ्या खोलीत न्या. भिजलेली रिमे जीएसएम (कागदाचे दर चौरस मीटरचे वजन) आणि आकाराप्रमाणे लावून मोजा. उडालेले पत्रे एका कोपऱ्यात रचून ठेवा. भंगारवाला दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो, त्याला सर्व्हेअरचे लेखी उत्तर येईपर्यंत थांबवा. ताडपत्री, पंप, मजुरी यांची बिले घ्या आणि पैसे शक्यतो यूपीआयने द्या.

तलाठ्याचा पंचनामा अवश्य करून घ्या, पण तो सरकारी मदतीसाठी असतो, सर्व्हेअरची पाहणी वेगळी. पंचनाम्यात ‘अंशतः नुकसान’ आणि दाव्यात ‘पूर्ण’ असे असेल तर प्रश्न येतोच. दोन्हींत एकच वर्णन जाऊ द्या.

जीएसटीबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नष्ट झालेल्या मालावर घेतलेले इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कलम १७(५)(ह) प्रमाणे परत करावे लागते. म्हणजे तेवढा कर तुमचाच खर्च झाला. सर्व्हेअर बहुधा माल कर वगळून मोजतो. क्रेडिट परत केल्याचे जीएसटीआर-३बी हे विवरणपत्र त्याला दाखवा, आणि विम्याची रक्कम ठरवताना मालाची किंमत करासह धरलेली असेल असे पाहा.

प्रश्न : दावा केला, पण सर्व्हेअरचा आकडा फारच कमी आहे. ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे आता आणखी काही मागणार नाही अशा व्हाउचरवर, सही करा, मग पैसे, असे सांगतात. काय करावे?

आधी सर्व्हेच्या अहवालाची प्रत मागा आणि कपात कुठे झाली ते ओळ-ओळ पाहा : अ‍ॅव्हरेज, घसारा, भंगाराची किंमत की कागद नाही म्हणून. उत्तर मुद्द्याप्रमाणे, कागद जोडून द्या. ‘अन्याय झाला’ असे पत्र कोणी वाचत नाही. सही करायची वेळ आली तर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असे लिहा आणि त्याच दिवशी तसा ईमेल करा. नुसत्या व्हाउचरवरच्या सहीने पुढे दाद मागायचा हक्क जात नाही, असे विमा नियामकाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितले आहे.

नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेअर २४ तासांत नेमला जावा, अहवाल १५ दिवसांत यावा आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा. केवळ कागद नाहीत म्हणून दावा फेटाळता येत नाही, हेही त्यात आहे. या तारखा तुमच्या पत्रव्यवहारात लिहीत जा. तक्रार आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, सोबत नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर. मग एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे. तिथे वकील लागत नाही, फी नाही, आणि मर्यादा ५० लाखांपर्यंत आहे. एकमालकी आणि सूक्ष्म उद्योगांना हा दरवाजा उघडा आहे, उद्यम नोंदणीचा दाखला सोबत ठेवा. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, मुदत दोन वर्षे. धंद्याचा विमा आहे म्हणून तुम्ही ग्राहक नाही, असा मुद्दा कंपनीने काढला तर सर्वोच्च न्यायालयाचा २०२३ चा हरसोलिया मोटर्सचा निकाल जोडा.